एकच फोटो

[पडद्यावर लहान मुलाचा फोटो. काही क्षण शांतता.]

लालसर गाल, बारीक कापलेले केस, थेट आपल्याकडे बघणारे डोळे. हा गेधुन चोएकी न्यिमा. जन्म २५ एप्रिल १९८९, तिबेट.

१४ मे १९९५ रोजी दलाई लामांनी जाहीर केलं, की दहाव्या पंचेन लामांचा पुनर्जन्म म्हणजे हाच मुलगा. तिबेटी बौद्धांमध्ये दलाई लामांच्या खालोखाल मान पंचेन लामांचा. तीनच दिवसांनी चीनने त्याला आईवडिलांसकट ताब्यात घेतलं. तेव्हा तो जेमतेम सहा वर्षांचा होता. या पुनर्जन्माचा शोध घेणाऱ्या समितीचे प्रमुख, शिगात्से इथल्या ताशी ल्हुन्पो मठाचे चाद्रेल रिनपोछे, यांनाही पकडलं आणि पुढे सहा वर्षांची शिक्षा ठोठावली.

[ल्हासा, जोखांग मंदिर]

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इथे सोन्याच्या कलशातून चिठ्ठी काढली गेली, आणि सरकारने आपला वेगळा पंचेन लामा नेमला.

एवढ्याशा पोराची एका सरकारला इतकी धास्ती का? तिबेटी परंपरेत दलाई लामांचा पुढचा जन्म ओळखण्यात पंचेन लामांचा शब्द फार मोलाचा असतो. विद्यमान दलाई लामांनी जुलै २०२५ मध्ये नव्वदी पूर्ण केली. त्यांच्यानंतर कोण, हे ठरवण्याचा हक्क बीजिंगला स्वतःकडे हवा आहे. २००७ पासून तर तिथे नियमच आहे: सरकारी मंजुरीशिवाय कुठल्याही लामाचा पुनर्जन्म मान्य नाही. माणसाने कुणाला गुरू मानायचं, हेसुद्धा सरकार ठरवणार! धर्मस्वातंत्र्यावरचा याहून उघड घाला आम्हाला तरी माहीत नाही.

[संयुक्त राष्ट्रांची इमारत, जिनिव्हा]

मूल कुठे आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने १९९६ मध्येच विचारलं. युरोपीय संसदेने विचारलं, अमेरिकेने पुन्हा पुन्हा विचारलं. २०२० मध्ये चीनने सांगितलं, की तो पदवीधर झाला आहे, नोकरी करतो, आणि त्याला कुणाचा त्रास नको आहे. पण हे त्याच्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. बाहेरच्या एकाही निरीक्षकाला त्याला भेटू दिलेलं नाही.

[पुन्हा तोच फोटो]

आता तो तिशी ओलांडलेला पुरुष असेल. या फिल्मसाठी आम्ही त्याचा मोठेपणीचा फोटो शोधला. मिळाला नाही.