आवाज चुगली करतो

मंडळी, लांबलचक हेरकथा कानांनी वाचताना, म्हणजे श्राव्य पुस्तक म्हणून ऐकताना, काय होतं, यावर मी आज बोलणार आहे. ‘वाचताना’ हे मुद्दाम म्हटलं. ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे, असं बजावणारे लोक अधूनमधून भेटतात. त्यांच्याशी वाद घालणं मी सोडून दिलंय.

आधी थोडा हिशेब. निवेदक मिनिटाला साधारण १५० शब्द वाचतो, म्हणजे तासाला ९,०००. दोन लाख शब्दांची कादंबरी २२ तासांवर जाते. एवढं सलग कोण ऐकणार? भांडी घासताना, कपड्यांच्या घड्या घालताना, झोप लागेपर्यंत, अशी ती तुकड्यातुकड्यांनी दोन-तीन आठवडे पुरते. आणि तुकड्यांनी ऐकायला हेरकथेइतका अडचणीचा प्रकार नाही, कारण तिथे एकेका माणसाला तीन-तीन नावं. खरं एक, पासपोर्टवरचं दुसरं, सांकेतिक तिसरं. छापील पुस्तकात घोळ झाला की आपण पानात बोट ठेवून मागे जातो. इथे बोट कुठे ठेवणार? ३० सेकंद मागे नेणारं बटण असतं. हवं ते नाव चार तास मागे राहिलेलं असतं.

मग कान नावांचा नाद सोडतो आणि आवाज धरून ठेवतो. इथेच निवेदकाची खरी पंचाईत होते. मी ऐकलेल्या एका कादंबरीत तिसऱ्या तासाला फोनवर एक अनोळखी माणूस बोलतो. अठराव्या तासाला कळतं, की तो नायकाचाच वरिष्ठ होता. लेखकाचं काय, ‘पलीकडून आवाज आला’ एवढं लिहून तो मोकळा. निवेदकाला मात्र तो आवाज काढावा लागतो. वरिष्ठाचाच काढला तर १५ तास आधी बिंग फुटणार. अगदी वेगळा काढला तर आपण म्हणणार, ही तर फसवणूक झाली. काय केलं असेल त्याने? सांगतो, थांबा जरा.

श्राव्य पुस्तकांमागे हा प्रश्न पहिल्यापासून लागलेला आहे. ब्रिटनमध्ये १९३५ साली अंध वाचकांसाठी तबकड्यांवर बोलकी पुस्तकं निघाली. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेले सैनिक डोळ्यांसमोर ठेवून हा खटाटोप झाला होता. तबकडीच्या एका बाजूवर २५ मिनिटांच्या आसपास वाचन मावायचं. त्या अगदी पहिल्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्तींची ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ ही रहस्यकथा होती. ज्यांनी ती वाचलीय ते आत्ता गालात हसतायत. बाकीच्यांसाठी मी गप्प बसतो.

आता आकडे. शीतयुद्धाच्या काळात शॉर्टवेव्ह रेडिओवर एखादी बाई निर्विकार आवाजात नुसते आकडे वाचायची, बहुतेकदा पाच-पाचांचे गट करून. हेराने साध्या रेडिओवर ते उतरवून घ्यायचे, एकदाच वापरायच्या किल्लीवहीतून अर्थ लावायचा आणि ते पान नष्ट करायचं. आकडे कुणीही ऐकावेत. ते कुणासाठी आहेत हे मात्र कळायला मार्ग नाही. छापील कादंबरीत असे आकडे आले की माझे डोळे सरळ उडी मारून पुढे जातात. तुमचेही जात असतील. कानाला उडी मारता येत नाही. ‘चार, शून्य, नऊ, नऊ, दोन’ सुरू झालं आणि साबण लागलेलं ताट तसंच हातात राहिलं. त्या हेराच्या जागी मी बसलो होतो.

ही फोनवाली कादंबरी मध्येच भुताटकीत शिरते. अहवालाची भाषा चाललेली असते: तारीख, वेळ, चौकीवर कोण होतं, कोणती गाडी किती वाजता गेली. आणि त्याच सुरात, श्वासही न बदलता, ‘दारात मेलेला सहकारी उभा होता.’ मला वाटलं, डुलकी लागली. मागे नेऊन पुन्हा ऐकलं. तेच. निवेदकाने तिथे आवाज कापरा केला असता तर सगळं हास्यास्पद झालं असतं. काही निर्माते अशा ठिकाणी मागे संगीत घालतात, त्यांना काय म्हणावं! हेरकथा आणि भूतकथा इतक्या सहज एकमेकींत मिसळतात, कारण दोन्हींत कागदोपत्री नसलेला माणूस खोलीत असतो. तो आहे हे दफ्तरी सुरातच कळलं पाहिजे.

वेग वाढवून ऐकणाऱ्यांविषयी विचाराल, तर सव्वापटीपर्यंत माझी हरकत नाही. त्यापुढे विराम चिरडले जातात, आणि विरामांशिवाय हेरकथेत उरतं काय?

तर, तो फोनवरचा आवाज. निवेदकाने तो सपाट, खालच्या पट्टीतला ठेवला होता, वरिष्ठाच्या घोगऱ्या आवाजाशी काडीचंही साम्य नसलेला. अठराव्या तासाला उलगडा झाला तेव्हा मी चिडलोच. रात्री एक वाजता पंधरा तास मागे जाऊन, चाचपडत, तो फोन शोधून काढला. वरिष्ठाला एक लकब होती: ‘नाही’ म्हणण्याआधी तो नाकाने बारीकसा श्वास घ्यायचा. फोनवरचा माणूस अख्ख्या संभाषणात एकदाच ‘नाही’ म्हणतो. मी आवाज वाढवला. श्वास होता.