आत्याच्या रांगोळ्या काकांना का दिसल्या नाहीत

नमस्कार श्रोतेहो. आज मोबाईलबद्दल बोलायचंय, पण मोबाईल वाईट, मोबाईल सोडा असलं काही नाही, ते तुम्ही खूप वेळा ऐकलंय. आज विषय एवढाच की फेसबुक किंवा इन्स्टाग्राम उघडल्यावर कोणाच्या पोस्ट तुमच्यासमोर येतात, कोणाच्या येत नाहीत, आणि ते आपल्याला ठरवता येतं का. येतं. पण बहुतेक लोक ठरवत नाहीत, कारण मनात धाकधूक असते की समोरच्याला कळलं तर, राग आला तर, उद्या लग्नाकार्यात गाठ पडली तर काय सांगायचं. तर हे आधीच सांगते, समोरच्याला कळत नाही. परत सांगते, कळत नाही.

मागचं थोडंसंच सांगते. फेसबुकवर आज जी पोस्टची रांग दिसते ती २००६ साली आली, त्याआधी ज्याचं बघायचं त्याच्या पानावर आपण होऊन जावं लागायचं. इन्स्टाग्रामनं २०१६ ला सांगितलं की फोटो आता वेळेच्या क्रमानं दिसणार नाहीत, तुम्हाला काय आवडेल त्या अंदाजानं दिसतील. हा अंदाज लावतं एक यंत्र, आणि ते तुमचं मन नाही वाचत, तुमचं बोट वाचतं. कुठं थांबलात, कुठं लाइक केलं, कुठं कॉमेंट लिहिली. बास.

आता माझ्या मोठ्या काकांची गोष्ट सांगते, ती ऐकली की बाकीचं मला फारसं समजवावं लागणार नाही.

काका एसटीत कंडक्टर होते, बार्शी डेपोला. रिटायर झाल्यावर मुलानं मोबाईल घेऊन दिला, आणि माणसांची आवड पहिल्यापासूनच, त्यामुळे जी फ्रेंड रिक्वेस्ट येईल ती घेतली, ओळखीचा असो नसो. त्यात एक गृहस्थ होते, काकांच्या जुन्या मित्राचे मेहुणे. हे रोज उठून काहीतरी तिखट टाकायचे, आज या पुढाऱ्याला शिव्या, उद्या त्या जातीबद्दल काहीतरी, आणि काकांना ते सहन व्हायचं नाही. मग चहा घेता घेता काका त्यांना उत्तर लिहायचे, चांगलं लांबलचक, की बाबा रे असं बोलू नये, मी सगळ्या जातीच्या माणसांना तिकीट फाडून दिलंय. तिकडून उलट उत्तर, मग काकांचं परत, आंघोळीला उशीर, काकू ओरडतायत, हे आपले टाइप करतायत.

तर त्या वर्षी भाऊबीजेला आम्ही सगळे कुर्डूवाडीला आत्याकडे गेलो. आत्या काकांची धाकटी बहीण, हात एवढा सुंदर की तिची रांगोळी ओलांडून आत जायला जीव होत नाही. ओवाळणं झालं, ताटात ओवाळणी पडली, आणि आत्या निरांजन उचलता उचलता एकदम म्हणाली, दादा, तुला माझ्या रांगोळ्या आवडत नाहीत का रे आता?

काका म्हणाले, कुठल्या रांगोळ्या?

आत्या काही बोलली नाही, ताट घेऊन स्वयंपाकघरात गेली. आम्हाला कळेना काय झालं. मग काकांची नात, कॉलेजला जाणारी, तिनं त्यांचा फोन घेतला, आत्याचं नाव टाकून शोधलं आणि फोन काकांच्या हातात दिला. श्रोतेहो, श्रावणापासूनच्या सगळ्या रांगोळ्या तिथं होत्या. गौरींची पावलं होती, दसऱ्याला पाटावर काढतात ती सरस्वती होती, आणि एक ठिपक्यांची, जी त्यांच्या आईची म्हणजे माझ्या आजीची खास होती, ती तर आत्यानं आईच्या आठवणीत काढली होती आणि खाली लिहिलं होतं, दादाला आठवत असेल. दादाला ती दिसलीच नव्हती. आणि बहीण तीन महिने मनात धरून बसलेली की भावानं बघून न बघितल्यासारखं केलं.

काका तिथंच खाली बसले. चष्मा पुसला आणि पहिल्या रांगोळीपासून सुरू केलं, एकेक बघायची, लाइक करायचं, खाली दोन शब्द लिहायचे. आत्याचा फोन स्वयंपाकघरात फळीवर होता. टिंग. परत टिंग. परत टिंग. आत्या बाहेर आली, हाताला अजून करंज्यांचं पीठ, आणि म्हणाली, पुरे आता, जेवायला चल.

जेवताना नातीनं त्यांना सांगितलं, आजोबा, तुम्ही त्या माणसाशी रोज भांडता ना, म्हणून तोच सारखा वर येतो. आत्याआजीचं एखादवेळी दिसलंही असेल, पण तुम्ही तिथं कधी थांबला नाहीत म्हणून ती खाली गेली. काका थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, म्हणजे गाडीत जो जास्त आरडाओरडा करतो त्यालाच पुढची सीट.

एकदम बरोबर. आणि हे नुसतं काकांचं म्हणणं नाही बरं का. फेसबुकनं जानेवारी २०१८ मध्ये स्वतः जाहीर केलं होतं की ज्या पोस्टवर माणसं आपसात बोलतात त्या जास्त वर दाखवू. कॉमेंट म्हणजे बोलणं, मग ती कॉमेंट मायेची की संतापाची हा पुढचा प्रश्न. २०२१ ला कंपनीच्या आतले कागद बाहेर आले त्यात तर असं निघालं की २०१७ पासून काही काळ रागाच्या लाल चेहऱ्याला साध्या लाइकच्या पाचपट वजन होतं. पुढं ते शून्यावर आणलं. पण आपण मधल्या काळात किती चिडलो असू विचार करा.

मग काकांनी त्या गृहस्थांचं काय केलं? अनफ्रेंड करायला तयार नव्हते, म्हणाले मित्राचे मेहुणे आहेत, संबंध तोडायचे नाहीत. नातीनं सांगितलं, तोडू नका, अनफॉलो करा. अनफ्रेंड नाही, अनफॉलो. मित्र म्हणून दोघं एकमेकांच्या यादीत राहतात, फक्त त्यांच्या पोस्ट तुमच्यासमोर येत नाहीत. पुढं एका लग्नात दोघं एकाच पंगतीला बसले, कांद्याच्या भावावर मनसोक्त बोलले. समोरासमोर तो माणूस चांगलाच होता. मला मनापासून वाटतं की आपल्याकडं निम्मी नाती या अनफॉलोनं वाचतील, कारण काही माणसं भेटायला गोड असतात आणि वाचायला जड जातात.

वेळ थोडा राहिलाय, पटापट सांगते. कायमचं अनफॉलो नको वाटत असेल, म्हणजे निवडणुकीपुरतंच कोणाचं नको असेल, तर फेसबुकवर स्नूझ आहे, तीस दिवस तो माणूस दिसत नाही, मग आपोआप परत येतो. इन्स्टाग्रामवर म्यूट आहे, म्हणजे त्या माणसाचं दिसणं बंद. व्हॉट्सॲपच्या स्टेटसमध्ये नावावर बोट दाबून धरा, म्यूट येतं. ग्रुपमधून निघायचं असेल तर २०२२ पासून गुपचूप निघता येतं, सूचना फक्त ॲडमिनला जाते. आणि सेटिंगच्या प्रायव्हसीत जाऊन मला ग्रुपमध्ये कोण घालू शकतं हे एकदा बघाच.

पण नको ते काढणं हे अर्धंच काम झालं, हवं ते वर आणायचं राहतं, आणि हे कोणी करत नाही. फेसबुकवर फेव्हरेट्समध्ये, म्हणजे आवडत्या माणसांच्या यादीत, तीस जणांपर्यंत टाकता येतं, इन्स्टाग्रामवर पन्नास, त्यांचं आधी दिसतं. शांत माणसं आधी टाका तिथं. महिन्यातनं एकदा झाडाचा फोटो टाकणारी मावशी, कधीमधी दोन ओळी लिहिणारा शाळेतला मित्र. नाव शोधा, पानावर जा, एक कॉमेंट लिहा, नुसता अंगठा नको. पदार्थाचा फोटो असेल तर प्रमाण विचारा.

आणि ज्याचा राग येतो त्याला उत्तर लिहू नका, ते उत्तरच त्याला उद्या परत तुमच्यासमोर आणतं. वाचू नका, चिडून लाल चेहरा दाबू नका, पोस्टच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर बोट ठेवा आणि अनफॉलो.

पुढच्या वेळी लहान मुलांच्या हातातल्या यूट्यूबबद्दल बोलू. नमस्कार.