पोलाद हलतं

श्रोतेहो, नमस्कार. आजचा विषय म्हातारे होत चाललेले पोलादी कमानीचे पूल. पुण्याला कमान म्हटली की दगडी आठवते. बंडगार्डनचा 1867 सालचा फिट्झगेराल्ड पूल घ्या, कसा ठाण मांडून बसलाय! पोलादाचा स्वभाव तसा नाही. पोलाद हलतं. एवढं ध्यानात ठेवा: पोलाद हलतं.

किती हलतं? त्यासाठी चला आफ्रिकेत. झांबेझी नदीवर, व्हिक्टोरिया धबधब्याला अगदी खेटून, एक पोलादी कमान आहे. अलीकडे आजचा झिंबाब्वे, पलीकडे झांबिया. गाळा, म्हणजे कमानीच्या दोन पायांमधलं अंतर, साधारण 156 मीटरचा, आणि खाली सव्वाशे मीटरवर पाणी. सगळे भाग इंग्लंडात डार्लिंग्टनच्या कारखान्यात घडवले आणि बोटीने, मग रेल्वेने तिथवर नेले. आता एवढ्या खोल घळीत खालून टेकू देणार कसा? म्हणून दोन्ही काठांवरून अर्धी-अर्धी कमान अधांतरी पुढे वाढवत नेली आणि पडू नये म्हणून मागे खडकाला तारदोरांनी जखडली. 1905 चा मार्च संपता संपता दोन्ही हात मधोमध भेटायला आले, आणि जुळेचनात! सव्वा इंच जागा कमी पडत होती. आपल्याकडे लगेच कुणीतरी कानस मागवली असती. तिथल्या मंडळींनी हत्यारं खाली ठेवली आणि रात्र जाऊ दिली. दिवसभर तापलेलं पोलाद रात्री निवलं, आखडलं. 1 एप्रिलची पहाट झाली, आणि काल न बसणारा सांधा अलगद बसला.

यात चमत्कार काही नाही, हिशेब आहे. एक अंश तापमान वाढलं की मीटरभर पोलाद 12 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे 12 हजारांश, लांबतं. 156 मीटरला 17 अंशांचा फरक धरा, 32 मिलिमीटर येतात. म्हणजे बरोबर सव्वा इंच!

आता पुण्यातली जानेवारीची पहाट 10 अंशांची आणि एप्रिलची दुपार 40 ची. तेवढीच कमान इथे असती, तर फरक सव्वादोन इंचांचा पडला असता. कमानीचे पाय पक्के असतात, त्यामुळे तिचा माथा वर उचलला जातो. रस्ता मात्र सांध्यांपाशी, म्हणजे एक्स्पान्शन जॉइंटपाशी, मागेपुढे सरकतो. ती फट मोकळी हवी. आणि आपण काय करतो? रस्ता नवा करताना फटीवरूनच डांबर ओढतो. दिसायला गुळगुळीत, पण पुलाची हालचाल कोंडली. हालचाल कोंडली की तो ताण बेअरिंगवर, म्हणजे पूल ज्यावर टेकतो त्या सरकत्या बैठकांवर, आणि जोडांवर येतो.

दुसरा शत्रू पाणी. पन्हाळी कचऱ्याने तुंबली की पाणी दोन पत्र्यांच्या मध्ये शिरतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, पत्रे फाकवतो, पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटची, म्हणजे ठोकून बसवलेल्या खिळ्यांची, डोकी उडवतो. रिव्हेट तपासायचा तर एका बाजूला बोट लावा आणि दुसऱ्या बाजूने हातोडी मारा. घट्ट असेल तर खणखणतो. ढिला असेल तर बद्द वाजतो, बोटाला हालचाल कळते. डोक्याखालून तांबूस ओघळ दिसला तरी तेच समजा. गंजावरच रंग फासून उपयोग नाही. आधी पोलाद पार उघडं करायचं, मग जस्ताचा प्राइमर, म्हणजे पहिला हात, त्यावर इपॉक्सी रंगाचा थर, शेवटी उन्हाला टिकणारा पॉलियुरेथेन रंग. आणि एवढं करून झालं की कठड्याला वाढदिवसाचा फ्लेक्स तारेने आवळायचा! तार रंग खरवडते, गंज तिथूनच सुरू होतो. पुलांवरच्या रंगीत दिव्यांचा निम्मा खर्च रंगकामाला द्यावा, हे माझं मत कुणी विचारलेलं नाही.

पूल ओलांडताना थोडी थरथर जाणवणं स्वाभाविक आहे. नवा खडखडाट मात्र कळवा. पावसात सांध्याची पट्टी निसरडी होते. दुचाकीवाल्यांनी ब्रेक तिच्या आधी दाबावा, पट्टीवर नव्हे, आणि ती तिरकी न घेता सरळ ओलांडावी.

गर्दीचं वजन कुणी मोजत नाही. दाटीने उभी माणसं म्हणजे चौरस मीटरला 500 किलोपर्यंत भार. चार मीटर रुंद, तीस मीटर लांब पुलावर ते 60 टन होतात. पुण्याजवळच्या कुंडमळ्याला 15 जून 2025 रोजी इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला, तेव्हा वर पर्यटकांची गर्दी होती. चार जण गेले. तो पूल कमानीचा नव्हता. पण कमानीचंही एक दुखणं आहे. सारखा पसरलेला भार ती पेलते, अर्ध्याच अंगावर आलेला तिला सोसत नाही. तेव्हा पाणी बघायला सगळे एकाच टोकाशी गोळा होऊ नका, आणि पुढचा घोळका उतरेपर्यंत काठावरच थांबा. नमस्कार.