टॉडमॉर्डनचा शेजार

अध्यक्षमहोदय, वाचनालयाचे सगळे कार्यकर्ते आणि मित्रहो,

पत्रिकेत विषय छापला आहे 'इंग्लंडमधल्या एका लहान गावातलं जगणं'. गावाचं नाव टॉडमॉर्डन. पश्चिम यॉर्कशरमधल्या एका अरुंद खोऱ्यात, मँचेस्टरहून रेल्वेनं साधारण अर्ध्या तासावर. वस्ती सुमारे १५ हजार. तिथले लोक लाडानं त्याला नुसतं 'टॉड' म्हणतात. माझा संसार आता तिथं आहे. हे गाव मनमिळाऊ आहे, आणि तो मनमिळाऊपणा कशामुळे टिकला याची तीन कारणं मी आज सांगणार आहे. पण त्याआधी फार दिवस मनात साठलेली एक तक्रार मोकळी करते. माहेरच्या गावात नाही बोलायचं तर कुठं बोलायचं?

दर सुट्टीत खामगावला आले की कोणीतरी मला सांगतं, "तिकडं काय बाई, शेजारी मेला तरी शेजाऱ्याला पत्ता नसतो." लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, बँकेच्या रांगेत ऐकलंय, हळदीकुंकवाला तर हमखास ऐकलंय. सांगणारे काका-काकू बहुतेक लंडनला मुलाकडे दोन-तीन महिने राहून आलेले असतात. मुलगा-सून सकाळी सातला बाहेर पडतात, फ्लॅट वरच्या मजल्यावर, भाषेची अडचण, बाहेर कडाक्याची थंडी. त्यांना एकटं वाटलं हे शंभर टक्के खरं आहे, त्याबद्दल माझ्या मनात फक्त माया आहे. पण तीच माणसं घाटकोपरच्या एखाद्या टॉवरमध्ये तीन महिने राहिली असती तर वेगळं काय झालं असतं? महानगराचा अनुभव आपण सबंध देशाच्या माथी मारतो.

मला राग येतो तो याच्याही पुढच्या गोष्टीचा. त्या वाक्याच्या पोटात एक दुसरं वाक्य दडलेलं असतं: आपल्याकडे मात्र माया रक्तातच आहे. एकदा का असं मानलं, की मग कोणाला काही करावं लागत नाही. शेजारच्या म्हातारीची चौकशी आपोआप होईल, गल्लीतला ओटा आपोआप टिकेल, वाचनालयाला कार्यकर्ते आपोआप मिळतील. मिळतात का? अध्यक्षांना विचारा! (हशा.) नाही मिळत. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की आपलेपणा कोणाच्याच रक्तात नसतो. तो करावा लागतो. आणि टॉडचे लोक तो करतात, पाळ्या लावून, वह्यांमध्ये नावं लिहून, पावसात भिजत करतात.

आधी तिथलं रोजचं जगणं सांगते. बसमधून उतरताना प्रत्येक जण ड्रायव्हरला 'थँक यू' म्हणतो. अगदी शाळकरी, कानात इअरफोन घातलेली पोरंसुद्धा. कचऱ्याचा दिवस ठरलेला असतो. गाडी येऊन गेली की ज्याला आधी सवड होते तो आपला डबा आत घेताना शेजारच्यांचाही घेतो. कोणी सांगत नाही, कोणी आभारही मानत नाही. घरं एकमेकांना चिकटून, गिरणी कामगारांसाठी बांधलेली दगडी रांग. काही गल्ल्यांत अजून रस्त्यावर आडवी दोरी बांधून कपडे वाळत घालतात. पाऊस आला की ज्याच्या लक्षात येतं तो ओरडतो, आणि तिथं पाऊस कायमच येतो. मी नवी होते तेव्हा हे ओरडणं ऐकून घाबरून बाहेर आले, तर समोरच्या आजी माझ्याच चादरी गोळा करत होत्या. "ब्रू घेतेस का?" म्हणाल्या. ब्रू म्हणजे चहा. त्या चहाला मी तासभर बसले. त्या तासात त्यांनी मला डॉक्टर कोणता चांगला, बाजारात चीज कोणाकडे घ्यायचं आणि नदीचं पाणी वाढलं की पहिल्यांदा कोणत्या पायरीला लागतं, एवढं सगळं सांगून टाकलं.

बाजार म्हणजे १८७९ सालचा मार्केट हॉल. तिथं घाई चालत नाही. पुढची बाई अर्धा पाव चीज घेताना गुडघ्याच्या ऑपरेशनची हकिकत सांगत असते आणि मागच्या पाच जणांपैकी एकही घड्याळ बघत नाही. पुढं पाचातला एक जण "आणि माझ्या बहिणीचं..." म्हणून त्यात भर घालतो. मुंबईहून आलेल्या माझ्या चुलतभावाचा जीव कासावीस झाला होता.

आता खामगावच्या सभागृहात उभं राहून कापसाचा विषय टाळला तर मला पाप लागेल. टॉड हे सुती गिरण्यांचं गाव. यॉर्कशर म्हटलं की लोकर आणि लँकेशर म्हटलं की कापूस, आणि टॉड बरोबर या दोघांच्या शिवेवर. त्या गावाचा टाउन हॉल वॉल्सडन वॉटर नावाच्या ओढ्यावर बांधलेला आहे, आणि जुनी काउंटीची, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाची, सीमा त्या ओढ्यावरून, म्हणजे इमारतीच्या पोटातून जात असे. नाचाच्या दिवाणखान्यात जोडपं एक गिरकी घेऊन लँकेशरमधून यॉर्कशरमध्ये जायचं! १८८८ साली सीमा हलली आणि गाव पुरतं यॉर्कशरचं झालं. पण इमारतीच्या दर्शनी त्रिकोणात दोन्ही काउंट्यांच्या मूर्ती अजून शेजारी शेजारी उभ्या आहेत. हा टाउन हॉल १८७५ साली उघडला. त्याच साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, म्हणून मला तो आकडा कधी विसरत नाही.

हॉल बांधला फील्डन घराण्यानं. गिरणीमालक. त्यातले जॉन फील्डन पार्लमेंटात गेले आणि मालक असून कामगारांच्या बाजूनं भांडले. गिरणीतल्या बायका आणि किशोरवयीन मुलांचा दिवस दहा तासांवर आणणारा १८४७ चा कायदा त्यांनी पुढं रेटला. गावच्या बागेत त्यांचा पुतळा आहे.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. अमेरिकन कापूस थांबला आणि लँकेशरच्या गिरण्या बंद पडल्या. या काळाला तिकडं 'कापसाचा दुष्काळ' म्हणतात. हजारो घरांच्या चुली विझल्या. रॉचडेलच्या वरच्या माळावर त्या बेकारांना काम देण्यासाठी बांधलेला दगडी रस्ता आजही 'कॉटन फॅमिन रोड' म्हणून ओळखला जातो. दुष्काळी कामं काय असतात हे वऱ्हाडाला मी काय सांगणार! त्या वेळी गिरण्यांना कापूस मिळाला तो आपला. पश्चिम हिंदुस्थानातला सगळा कापूस तिथं 'सुरत' या एकाच नावानं ओळखला जायचा. आखूड धाग्याचा, वाटेत कचरा मिसळलेला. सूत सारखं तुटायचं, आणि तुटलं की कामगाराची मजुरी तुटायची. प्रार्थनेत कोणीतरी "देवा, आम्हाला कापूस दे" म्हटलं, तर मागून आवाज आला, "पण देवा, सुरत नको!" अशी आख्यायिका लँकेशरमध्ये अजून सांगतात.

ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली ती टॉडमध्येच, एका निवृत्त विणकराच्या मुलाकडून. मी त्यांना म्हटलं, काका, तो कापूस पिकवणाऱ्यांच्या मुलखातली मी पोर आहे. मग त्यांना जलंब-खामगाव फाट्याची गोष्ट सांगितली, की एवढासा लोहमार्ग १८७० साली निव्वळ इथल्या कापसाच्या बाजारासाठी घातला गेला. मुंबईत त्या युद्धाच्या काळात कापसानं सोन्याचा धूर निघाला आणि १८६५ साली युद्ध संपताच शेअरबाजार कसा कोसळला, तेही सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आमच्या आजोबांनी तुमच्या आजोबांना शिव्या घातल्या, आणि दोघांनाही नफा मिळाला नाही." दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला गावच्या इतिहासप्रेमी मंडळींपुढं बोलायला नेलं. खामगाव या विषयावर यॉर्कशरमध्ये झालेलं ते बहुधा पहिलंच व्याख्यान असावं. (टाळ्या.)

अध्यक्षांकडून चिठ्ठी आली आहे, पंधरा मिनिटं उरली आहेत. भाज्यांचं सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही.

२००८ साली पॅम वॉरहर्स्ट आणि मेरी क्लिअर या दोन बायकांनी, आणखी काही शेजाऱ्यांना घेऊन, 'इन्क्रेडिबल एडिबल' नावाची चळवळ सुरू केली. कल्पना अशी की गावातल्या पडीक, सार्वजनिक जागांवर खाण्याजोगं लावायचं आणि ते कोणीही तोडून न्यायचं. पैसे नाहीत, परवाना नाही. पोलीस ठाण्यापुढं मका लागला. रेल्वे स्टेशनवर कोथिंबीर-पुदिन्यासारख्या वासाच्या पाल्याचे वाफे. दवाखान्याभोवती काटेरी झुडपं होती, ती काढून फळझाडं आणि औषधी वनस्पती लावल्या. त्यांचं घोषवाक्य साधं आहे: तुम्ही जेवता ना, मग तुम्ही आमच्यातले. पहिल्यांदा मी स्टेशनावरचा पुदिना खुडला तेव्हा इकडंतिकडं बघूनच खुडला. इथं वाढलेल्या माणसाला सरकारी जागेतली वस्तू उचलायची भीती असतेच. मागून एक गृहस्थ आले आणि म्हणाले, वरचा शेंडा घे, म्हणजे खाली फुटवा येईल.

इतक्या भाजीनं गावाचं पोट भरतं का? नाही भरत, आणि तो हेतूही नाही. वाफ्याला पाणी घालताना माणसं बोलायला लागतात. जिच्याशी हवामानापलीकडे काही बोलायचं सुचत नव्हतं, तिच्याशी आता कोबीवरच्या अळीबद्दल बोलता येतं. तिथून पुढं सगळं येतं. जगभरातली गावं हे बघायला तिथं येतात, आणि ठिकठिकाणी तसे गट निघाले आहेत.

आता ती तीन कारणं, भरभर.

पहिलं, फुकट बसायच्या जागा. बाग, वाचनालय, कालव्याच्या काठची पायवाट, बाजारासमोरची बाकं. जिथं काही विकत न घेता तासभर थांबता येतं अशा जागा गावानं राखल्या आहेत, आणि त्या कमी करायचं नुसतं घाटलं तरी सभेला गर्दी होते.

दुसरं, वाटून घेतलेलं काम. १९०८ साली बांधलेलं हिप्पोड्रोम नाट्यगृह हौशी मंडळी चालवतात. तिकिटं फाडणारा, पडदा ओढणारा, मध्यंतरात आइस्क्रीम विकणारी, सगळे बिनपगारी. डोंगरापलीकडच्या रॉचडेलमध्ये १८४४ साली विणकरांनी आणि कारागिरांनी पै-पै जमवून सहकारी दुकान काढलं, ज्याचं नाव आपल्याकडचे सहकाराचे कार्यकर्तेही घेतात. ती सवय त्या मुलखाच्या अंगवळणी पडली आहे. आणि महत्त्वाचं म्हणजे नव्या माणसाला लगेच काम देतात. मला मराठी येतं, इंग्रजी येतं, वरण चांगलं करता येतं, एवढ्या भांडवलावर मला तीन यादींत घातलं. पाहुणा म्हणून कौतुक केलं असतं तर मी वर्षानुवर्षं पाहुणीच राहिले असते. यातच शाळेचंही येतं. अणूचं केंद्रक फोडणारे जॉन कॉक्रॉफ्ट, नोबेल १९५१, आणि रसायनशास्त्रज्ञ जेफ्री विल्किन्सन, नोबेल १९७३, हे दोघं टॉडच्या एकाच शाळेत शिकले आणि विज्ञानाला दोघांचे गुरुजीही एकच होते, ल्यूक सटक्लिफ. एक शिक्षक एका गावात टिकून राहिला, त्याचं हे फळ. यावर स्वतंत्र व्याख्यान द्यायला मी पुन्हा येईन.

तिसरं कारण पूर. खोरं अरुंद, डोंगर उभे, पाणी झटकन चढतं. २०१५ च्या नाताळाच्या दुसऱ्याच दिवशी सबंध खोरं बुडालं. तिथं अजून भोंगा वाजतो, जुन्या युद्धातल्यासारखा, आणि तो वाजला की कोणी कोणाकडे जायचं हे आधी ठरलेलं असतं. कोणाच्या घरी ऑक्सिजनचं यंत्र आहे, कोण एकटं आहे, हे गल्लीला माहीत असतं. त्या वेळी खालच्या गावांत खालसा एड या मदतसंस्थेचे शीख तरुण गरम जेवण घेऊन पोचले होते. गाळ उपसताना कोणी कोणाचा वर्ण बघत बसलं नाही, आणि ती आठवण खोऱ्यात जिवंत आहे.

गाव स्वर्ग आहे असं मी म्हणत नाही. घरभाडी वाढताहेत, गावातल्याच पोरांना तिथं घर परवडत नाही. थंडीत संध्याकाळी चारला अंधार पडतो आणि एकटी माणसं खचतात. परक्या चेहऱ्याकडे वाकडं बघणारेही भेटतात. मलाही भेटले आहेत. त्यांच्या वागण्याचं दुःख होतं, पण दुसऱ्या दिवशी पाळीवर तेही आलेले असतात आणि फावडं दोघांना मिळून धरावं लागतं.

दुसरी चिठ्ठी आली. थांबते. एकच विनंती: वाचनालयामागचा जो मोकळा तुकडा येताना पाहिला, तिथं कढीपत्ता आणि शेवगा लावायला कोणाची परवानगी लागेल, हे प्रश्नोत्तरांत मला कोणीतरी सांगा. मी आठवडाभर इथंच आहे. रोपं आणते.