आप्पा बत्तीस वर्षांचे असताना

मंडळी, वर्षश्राद्धाचं जेवण झालं की चार शब्द बोलायची आपल्याकडे रीत आहे, आणि ते चार शब्द बहुतेक ठरलेले असतात. माणूस देवासारखा होता, वारी चुकवली नाही, दारातून कुणाला उपाशी पाठवलं नाही. आप्पांच्या बाबतीत हे सगळं खरंच आहे. वर्षभर पारावर, एसटीत, बाजारात तुम्हीच मला ते सांगत आलात. वाचनालयानं आज मला थोडा जास्त वेळ दिलाय. तो मी एका अशा माणसासाठी वापरणार आहे ज्याला मी कधी पाहिलं नाही. बत्तीस वर्षांच्या आप्पांसाठी.

नातवाला आजोबा भेटतात ते म्हातारेच. मला कळायला लागलं तेव्हा आप्पा कडुनिंबाखालच्या बाजेवर बसलेले असायचे, चष्म्याच्या तुटलेल्या काडीला दोरा गुंडाळलेला. त्यांनी मला पावकी-निमकी शिकवली, विहिरीत ढकलून पोहायला शिकवलं, आणि मला ताप आला की रात्र रात्र उशाशी बसून राहिले. त्यांच्यावर माझा फार जीव होता, आजही आहे. पण माया करता करता आपण धरून चालतो की हा माणूस आपल्यासाठी म्हाताराच जन्माला आला. त्याच्या आयुष्यातली मधली चाळीस वर्षं नातवाच्या खिजगणतीतही नसतात.

त्या चाळीस वर्षांतलं एक वर्ष मी शोधत होतो. 1972.

इथं बसलेल्या वडीलधाऱ्यांना ते सांगायची गरज नाही. मागं उभ्या पोरांसाठी सांगतो. आधीची दोन वर्षंही पावसानं ओढ दिली होती, पण 72 ला आपल्या माणदेशात, आणि निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात, पेरलेलं उगवलंच नाही. विहिरींनी तळ गाठला. जनावरं छावण्यांत गेली, नाहीतर बाजारात मातीमोल भावानं. सरकारनं ठिकठिकाणी दुष्काळी कामं काढली: रस्ते, नालाबांध, पाझर तलाव, आणि जिथं दुसरं काही नाही तिथं नुसती खडी फोडायची. 1973 च्या मे महिन्यात राज्यभर अशा कामांवर सुमारे 50 लाख माणसं होती. खायला अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी, जिची भाकरी तव्यावर टाकेपर्यंत तुटायची, आणि कामावर वाटली जाणारी सुकडी, म्हणजे कोरडं पीठवजा खाणं. आज्जीला पुढं आयुष्यभर सुकडीचं नाव काढलेलं चालत नसे.

आपल्या गावच्या वरच्या अंगाचा पाझर तलाव त्याच वर्षीचा. पाझर तलावाला कालवा नसतो. ओढ्यात पाणी अडवायचं आणि जमिनीत मुरू द्यायचं, म्हणजे खालच्या विहिरींना ते उतरतं. आधी पायाचा खंदक, मग आत काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरूम, वरून दगडी पिचिंग, बाजूला सांडवा. सगळं टिकाव, फावडं, घमेलं आणि माती ठोकायचा धुम्मस यांच्या जोरावर. आप्पा सातवी शिकलेले, अक्षर मोत्यासारखं, म्हणून ते या कामावर मस्टर कारकून, म्हणजे मजुरांची हजेरी मांडणारे, झाले. एवढंच मला घरात माहीत होतं, आणि तेही एका वाक्यात: "आप्पा दुष्काळात मस्टरवर होते."

ते गेल्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली. खाली, सात-बाराच्या उताऱ्यांच्या आणि बियाण्यांच्या पावत्यांच्याही खाली, शाळेची एक वही निघाली. सरकारी मस्टर सरकारजमा व्हायचं. ही त्यांची स्वतःची वही, शिसपेन्सिलीनं लिहिलेली. टोळीवार नावं, हजेरी, आणि पुढं खड्ड्यांची मापं.

या मापांपाशी मला थोडं थांबू द्या, कारण आप्पा मला खऱ्या अर्थानं तिथं भेटले. मजुरी पडायची ती कामाच्या मापावर. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट खोल खड्डा म्हणजे 100 घनफूट, एक ब्रास. लांबी-रुंदी टेपनं कळते, पण खोली कुठून धरायची? जमीन काही सपाट नसते. म्हणून खड्ड्याच्या मध्ये मातीचा एक खांब न खणता तसाच ठेवायचा. त्याचा माथा म्हणजे मूळची जमीन. त्यावरून खोली मोजायची. आता कुणी हळूच त्या माथ्यावर दोन घमेली माती थापली, तर न खणताच खड्डा खोल होतो. आप्पांच्या वहीत खड्ड्याच्या मापापुढं काही ठिकाणी बारीक अक्षरात लिहिलंय: "माथ्यावर कुसळ आहे." मला कळेना. मग वडलांनी समजावलं. खांबाच्या माथ्यावर वाळलेल्या गवताची मुळं जागच्या जागी असतील तर ती जमीन मूळची, कुणी वर माती चढवलेली नाही. ओव्हरसियर माप घ्यायला येण्याआधी आप्पा प्रत्येक खांबापाशी वाकून हे बघत होते. मे महिन्याचं ऊन, शेकड्यांनी माणसं, आणि हा माणूस कुसळाची मुळं तपासतोय!

वहीतली दुसरी गोष्ट नावांची. टोळ्यांमध्ये बायका भरपूर होत्या, आणि त्या काळी सासरी बाईला नावानं कोण हाक मारत होतं? अमक्याची बायको, तमक्याची आई. आप्पांच्या वहीत एकही बाई तशी नाही. प्रत्येकीचं स्वतःचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव. वरच्या आळीतल्या एक आजी आज इथं आल्यात. त्यांना आवडणार नाही म्हणून नाव घेत नाही. त्या मला म्हणाल्या, "लगीन होऊन आले त्याला सहा वर्सं झालती, पर माझं नाव मोठ्यानं कुणी घेतलं नव्हतं. तुझ्या आज्ज्यानं सकाळी हजेरीला घेतलं. पयल्या दिवशी मला कळलंच न्हाई की मलाच हाक मारत्यात."

याच आजींनी मला दुसरंही सांगितलं, आणि ते इथं सांगितलंच पाहिजे. एक दिवस पाण्यासाठी त्यांना लांबच्या आडावर जावं लागलं, नंबर उशिरा लागला, कामावर पोचल्या तेव्हा हजेरी होऊन गेली होती. आप्पांनी त्यांचा दिवस लावला नाही. कडेवर पोर होतं, त्यांनी विनवलं, तरी नाही. मी विचारलं, "मग आता राग गेला का?" त्या म्हणाल्या, "राग कशाला जाईल? माझ्या पोराच्या तोंडचा दिवस व्हता त्यो. पर खोटं नाव बी त्यानं कधी कुणाचं लावलं न्हाई."

मला वाटतं, आप्पा त्या दिवशी चुकले. पाण्याला गेलेल्या बाईचा दिवस कापायला नको होता. मस्टरवर खोटी नावं चढवून पैसे उचलण्याचे प्रकार तेव्हा जागोजागी चालत, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यापासून आपली वही वाचवायची म्हणून त्यांनी स्वतःला इतकं ताठ केलं की दयेलाही जागा उरली नाही. पुढच्या हंगामात एका वजनदार माणसाची सात-आठ नावं लावायची त्यांच्याकडे मागणी आली. त्यांनी नकार दिला आणि त्यानंतर त्यांना कुठल्याच कामावर बोलावणं आलं नाही. हे मला चुलत्यांकडून कळलं. आप्पांच्या तोंडून कधी नाही. ते पुन्हा बैलांच्या मागं गेले. मला पाढे शिकवताना एक आकडा चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावणारे आप्पा, आणि माथ्यावरचं कुसळ बघणारा हा तरुण, दोघं एकच आहेत हे मला आत्ता कळतंय. त्या तरुणाशी भांडावंसं वाटतं, आणि त्याला जवळही घ्यावंसं वाटतं.

या कामांतूनच आपल्या राज्याची रोजगार हमी योजना उभी राहिली, हेही पोरांनी ध्यानात ठेवावं. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी आधी आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, विसापूरला, हा प्रयोग करून पाहिला होता. 1977 ला विधिमंडळानं कायदा केला, 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, हा हक्क झाला. देशाचा कायदा व्हायला 2005 उजाडलं. योजनेला पैसा हवा म्हणून 1975 ला राज्यानं व्यवसाय कर आणला. आजही माझ्या पगारातून तो दर महिन्याला 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 कापला जातो. पूर्वी पगारपत्रकावरच्या त्या ओळीकडे मी बघतही नव्हतो.

आता एक विनंती, आणि मी बसतो. तलावाच्या भरावावर ग्रामपंचायतीचा फलक आहे. त्यावर दुरुस्तीचं वर्ष आहे, खर्च आहे. तलाव कुणी खणला ते नाही. आप्पांच्या वहीत ते आहे. वहीची झेरॉक्स आजपासून वाचनालयात, ग्रंथपालांच्या टेबलावर ठेवली आहे. पेन्सिल पुसट झालीय, काही आडनावं मला लागत नाहीत, काही माणसं शेजारच्या वाड्यांवरची असणार. तुमच्या घरातल्या आज्जी-आजोबांना घेऊन या, ज्यांना चालवत नाही त्यांच्याकडे मीच घरी येईन. दिवाळीत मी पूर्ण सुट्टी इथं आहे. नावं लागली की यादी ग्रामसभेपुढं ठेवू आणि फलकावर घालायची मागणी करू. ज्यांचा दिवस लागला नव्हता त्यांनीही या. त्यांची नावं आपण आता लावू.