आधी त्याने प्रीती केली

पडद्यावर दिसतंय ते १६८५ सालचं चित्र. डच चित्रकार यान लुइकेन यांनी तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं. बर्फ फुटलाय, एक माणूस पाण्यात अडकलाय आणि दुसरा वाकून त्याला हात देतोय. हात देणारा आहे तुरुंगातून पळालेला कैदी. आणि बुडणारा? त्याला पकडायला धावलेला शिपाई.

कैद्याचं नाव डर्क विलेम्स, राहणारा नेदरलँड्समधल्या आस्परेनचा. त्याचा गुन्हा असा, की प्रौढपणी त्याने पुन्हा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी, घेतला आणि इतरांच्या बाप्तिस्म्यासाठी आपलं घर उघडं ठेवलं. कापडांना गाठी मारून केलेल्या दोरावरून तो खाली उतरला आणि गोठलेल्या पाण्यावरून पलीकडे गेला. तो सुटला होता. पण मागून येणाऱ्याच्या पायाखालचा बर्फ फुटला, आणि डर्क मागे फिरला. जीव वाचलेल्या त्या शिपायाला त्याला सोडून द्यायचं होतं, असं नोंदलेलं आहे. काठावरच्या नगरप्रमुखाने शिपायाला त्याच्या शपथेची आठवण करून दिली, आणि डर्क पुन्हा पकडला गेला. १६ मे १५६९ रोजी डर्कला जाळण्यात आलं.

जाळणारेही ख्रिस्तीच होते. ख्रिस्ती प्रीतीवर बोलताना हे वगळून पुढे जाता येत नाही.

डर्क मागे का फिरला? मनाने मोठा होता, असं म्हणून आपण मोकळे होऊ शकतो. पण तो ज्या शुभवर्तमानावर विश्वास ठेवत होता, त्यात यापेक्षा अवघड उत्तर आहे. बायबलमधल्या रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो, आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला. दोनच वचनं पुढे त्याचा शब्द आणखी कडक होतो: आपण शत्रू होतो तेव्हा. म्हणजे माणूस सुधारल्यावर नाही, लायक ठरल्यावर तर नाहीच.

येशूने सांगितलेला उधळ्या मुलाचा दाखला, म्हणजे बोधकथा, बहुतेकांना ठाऊक असतो. त्यातली एक बारीक गोष्ट मात्र नजरेतून निसटते. बापाकडून घेतलेली मालमत्ता उधळून घरी परतताना मुलाने माफीची वाक्यं जुळवून ठेवली आहेत. त्यातलं शेवटचं असं, की मला तुमच्या एखाद्या मजुरासारखं ठेवा. बाप त्याला दुरूनच पाहतो, धावत येतो, गळ्यात पडतो. मुलगा बोलायला लागतो, पण मजुरीचं ते वाक्य त्याच्या तोंडून बाहेर पडतच नाही. त्याआधीच बापाने उत्तम झगा मागवलेला असतो. मोठा भाऊ मात्र रागावून दाराबाहेर थांबतो. इतकी वर्षं राबलो, मला काय मिळालं, हा त्याचा हिशेब. बाप त्याचीही समजूत घालायला बाहेर येतो. तो आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेलंच नाही. चर्चच्या मंडळीत वर्षानुवर्षं नेमाने येणाऱ्यांनी हा दाखला त्या भावाच्या जागी उभं राहून ऐकावा, असं मला वाटतं.

मग अशा प्रीतीला माणसाने काय द्यायचं? योहानाच्या पहिल्या पत्रात, देवाने आपल्यावर एवढी प्रीती केली, या वाक्यापुढे आपणही देवावर करावी, असं येईल असं वाटतं. योहान लिहितो, आपणही एकमेकांवर प्रीती केली पाहिजे. देवाचं ऋण देवाकडे नाही, शेजाऱ्याकडे वळवलेलं आहे. आणि जो देवावर प्रीती करतो म्हणतो पण भावाचा द्वेष करतो, त्याला योहान सरळ लबाड म्हणतो. आस्परेनच्या चितेला हे वचन लागू पडतं.

तिसऱ्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात साथ पसरली. तिथले बिशप दियोनिसियस यांनी पत्रात लिहून ठेवलंय, की विश्वासणाऱ्यांनी जिवाची पर्वा न करता आजाऱ्यांची सेवा केली आणि त्यांतले कित्येक स्वतः दगावले. पुढे चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्म सोडलेला रोमन सम्राट जुलियन एका पत्रात चिडून तक्रार करतो: हे लोक स्वतःच्या गरिबांना तर पोसतातच, वर आमच्याही. विरोधकाच्या लेखणीतून आलेली ही कबुली मला जास्त बोलकी वाटते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. शत्रूवर प्रीती करा, असं येशू सांगतो म्हणजे अन्याय निमूट सोसा, असं नव्हे. मार खाणाऱ्याला, छळ होणाऱ्याला क्षमेचं नाव सांगून गप्प बसवणं हा त्या शिकवणीचा गैरवापर आहे. देवाची प्रीती चुकीला चूकच म्हणते, पण आधी जवळ येते.

जक्कयाचंच बघा. यरीहो गावचा मुख्य जकातदार, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. उंबराच्या झाडावर चढून बसलेल्या त्याला येशू नावाने हाक मारतो आणि म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. लोक कुरकुरतात. जक्कय उभा राहून सांगतो, माझी अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कुणाला फसवून काही घेतलं असेल तर ते चौपट परत करतो. लूकच्या शुभवर्तमानातल्या त्या वृत्तांतात येशूने त्याच्याकडे पैशाचा विषय काढलेलाच नव्हता.