उंदीर मोजायचे कसे?

श्रोतेहो, नमस्कार.

यंदा आमच्याकडे भाचीच्या अकरावीच्या प्रवेशाची गडबड आहे. डॉक्टर व्हायचं नाही, हे तिनं घरात स्पष्ट सांगून टाकलंय. पण जीवशास्त्र मात्र हवंय. गेल्या रविवारी जेवायला आली होती, तेव्हा विचारते, “मावशी, बायो घेतलं की मॅथ्स सोडलेलं चालतं ना?”

चालतं. मीही सोडलं होतं. पुढे तीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. पेट्री डिशमधल्या जिवाणूंच्या वसाहती मोजल्या, प्रमाण विचलनाचं सूत्र फळ्यावर लिहिलं, आणि एखाद्या मुलानं “मॅडम, पण इथे वर्ग का करायचा?” असं विचारलं की “परीक्षेला तसंच येतं” म्हणून वेळ मारून नेली. त्यामुळे भाचीला मी लगेच हो म्हटलं नाही.

परदेशातल्या काही विद्यापीठांत क्वांटिटेटिव्ह बायोलॉजी याच नावाची पदवी मिळते. मराठीत संख्यात्मक जीवशास्त्र म्हणूया. एका दप्तरात जीवशास्त्राचं आणि गणिताचं अशी दोन पुस्तकं कोंबली की झालं, असं मात्र नाही. यात कलन म्हणजे कॅल्क्युलस आहे, संभाव्यता आहे, संख्याशास्त्र आहे, पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिणं आहे. पण हे सगळं पेशीला, जनुकाला किंवा साथीला प्रश्न विचारण्यासाठी.

भाचीला मी प्लेगचं उदाहरण दिलं. पुण्याला प्लेग नवा नाही. सावित्रीबाई फुले १८९७ साली प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच गेल्या. मी सांगते आहे ती नोंद मात्र मुंबईची. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर दर आठवड्याला प्लेगनं किती माणसं गेली, याचे आकडे उपलब्ध होते. रेडिओवर आलेख काढता येत नाही, तेव्हा मनातच काढा: आकडा आधी रेंगाळत चढतो, मग झपाट्यानं, शिखर गाठतो आणि उतरायला लागतो.

आता प्रश्न असा, की उतरतो का? १९२७ साली केरमॅक आणि मॅकेंड्रिक या दोघांनी त्याचं गणित मांडलं. मॅकेंड्रिक हे हिंदुस्थानात नोकरी केलेले लष्करी डॉक्टर. केरमॅक रसायनशास्त्रज्ञ, आणि प्रयोगशाळेतल्या अपघातात त्यांची दृष्टी गेलेली. हे समजल्यापासून गणित दिसत नाही अशी तक्रार करायला मला जरा संकोच वाटतो! तर त्यांचं म्हणणं असं, की साथ ओसरायला गावातला प्रत्येक जण आजारी पडावा लागत नाही, की जंतूचा जोर कमी व्हावा लागत नाही. नवी लागण किती होणार, हे निरोगी आणि रोगी या दोन संख्यांच्या गुणाकारावर ठरतं. निरोगी घटत गेले की रोगाला गिऱ्हाईक मिळेनासं होतं. एक रुग्ण सरासरी एकापेक्षा कमी जणांना लागण देऊ लागला की साथ उताराला लागते, मग लागण न झालेली माणसं गावात शिल्लक का असेनात. कोविडच्या दिवसांत रोज टीव्हीवर जो ‘आर’चा आकडा ऐकलात, तो याच घराण्यातला.

त्यांचं सूत्र मुंबईच्या आकड्यांवर सुरेख बसलं. पण खरी गंमत पुढेच आहे. प्लेग हा मुळात उंदरांचा आजार, माणसापर्यंत तो पिसवा आणतात. लेखकांना हे ठाऊक होतं. माणसांतला प्लेग म्हणजे उंदरांमधल्या प्लेगचं प्रतिबिंब, असं त्यांनी गृहीतच धरलं होतं. आणि पिसवा तर हवेवर अवलंबून, कडक उन्हाळ्यात त्या तग धरत नाहीत. मग साथ उतरली ती निरोगी उंदीर कमी झाले म्हणून, की ऊन तापलं म्हणून? नुसतं गणित येणारा वक्ररेषा बसली म्हणून खूश होईल. नुसतं जीवशास्त्र येणारा त्या रेषेच्या वाटेला जाणारच नाही. या पदवीला मुलं तयार करायची आहेत ती या दोघांच्या मध्ये उभी राहणारी.

अशी माणसं पुण्यात होऊन गेली आहेत. दामोदर धर्मानंद कोसंबी आपल्याला इतिहासकार म्हणून माहीत. पण ते गणिती होते आणि फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत. गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधलं अंतर कसं काढायचं, याचं सूत्र त्यांनी १९४४ साली दिलं. जनुकांचे नकाशे करणाऱ्या संगणक प्रणालींत आजही ‘कोसंबी’ हा पर्याय असतो. तो निवडणाऱ्या किती जणांना फर्ग्युसन टेकडी माहीत असेल, कोण जाणे.

व्यवहाराचं बोलायचं तर, अकरावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेता येतात. ओझं वाढतं, खोटं कशाला बोलू? पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेत पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम आहे. सुरुवातीला सगळ्यांना सगळी विज्ञानं आणि गणित शिकावं लागतं, मग आपापली वाट धरायची. त्यांच्या प्रवेश परीक्षेत चारही विषयांचे सारखेच प्रश्न असतात, म्हणजे गणित टाळून चालत नाही. नियम मात्र त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच पाहा, शेजारच्या काकांवर विसंबू नका. साध्या बीएस्सीला गेलात तरी जोडीला संख्याशास्त्र मिळतंय का, हे महाविद्यालयात जाऊन विचारा.

हे सगळं भाचीनं ऐकलं, आणि कोशिंबीर वाढून घेत म्हणाली, “पण मावशी, उंदीर मोजायचे कसे? ते काय रांगेत उभे राहतात?”

मी राजम्याचा डबा काढला. त्यातले चाळीस दाणे घेतले, त्यांवर पेनानं खूण केली, परत टाकले आणि डबा खळखळून हलवला. मग तिनं न बघता दोन मुठी काढल्या. अठ्ठेचाळीस दाणे, त्यांत खुणेचे सहा. अठ्ठेचाळिसात सहा म्हणजे आठात एक, म्हणून डब्यात चाळीस गुणिले आठ, तीनशेवीस असावेत. रानातले प्राणी असेच पकडून, खूण करून, सोडून, पुन्हा पकडून मोजतात.

तिचा विश्वास बसेना. तिनं सगळे दाणे ताटात ओतून मोजले. दोनशे सत्त्याण्णव निघाले. मग तेवीस दाण्यांचा फरक कुठून आला, डबा नीट हलवला नाही की मुठी लहान पडल्या, यावर आमटी गार होईपर्यंत वाद चालला.